उभं राहण्याचा रकाना

घड्याळकाकांना हे नाव डेपोतल्या लोकांनी चिडवायला म्हणून ठेवलं होतं. त्यांना ते मनापासून आवडायचं, पण तसं त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नाही. एकतीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली आणि त्या एकतीस वर्षांत त्यांची फेरी सांगण्यासारखी उशिरा लागली ती फक्त दोनदा. एकदा टायर फुटला म्हणून, आणि एकदा एक बाई बसमध्येच बाळंत झाली म्हणून. दुसऱ्या वेळी ते सात मिनिटं मागे पडले होते, त्यातली चार त्यांनी पुढे भरून काढली, आणि हे ते अजून सांगत असतात.

स्टॉपवर बस वीस सेकंद उभी राहणार. एकविसाव्या सेकंदाला पहिला गिअर. मागून कुणी पिशवी सावरत, हात हलवत धावत आलं की ते काकांना आरशात दिसायचं, आणि दिसूनही त्यांचा पाय ब्रेककडे जायचा नाही. "एकासाठी थांबलो तर पुढच्या स्टॉपवरच्या चाळीस जणांचा वेळ खाल्ला," असं ते नव्या ड्रायव्हरांना शिकवायचे. नवे ड्रायव्हर शिकवायला डेपो त्यांच्याकडेच पाठवायचा, त्यामुळे निम्म्या शहरात आज जी बस हातावर तुरी देऊन निघून जाते, तिच्यामागे काकांचीच शिकवण आहे असं म्हटलं तरी चालेल.

एकदा तर त्या आरशात त्यांची स्वतःचीच लेक दिसली होती. नववीत होती, परीक्षा होती, दोन वेण्या उडवत धावत होती. काकांनी सेकंद मोजले आणि गाडी काढली. त्यावर लेक दोन दिवस बोलली नाही आणि काकू चार. काकूंना जाऊन आता पाच वर्षं झाली होती, पण त्या चार दिवसांची आठवण काकांना अजून कधीमधी टोचायची.

ती लेक आता चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायची. डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी आली की काचेची कड फ्रेमच्या मापाने घासायची, बसवून बघायची, केसभर जरी फट राहिली तरी काढून पुन्हा घासायची. बापाचा काटेकोरपणा तिच्यात पुरेपूर उतरला होता, फक्त तो काचेवर चालायचा, माणसांवर नाही. जावई मालवाहू जहाजावर होता, वर्षातून दोनदा घरी यायचा. आणि सहा वर्षांची नात होती. ती एका जागी बसायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे.

अडचण एवढीच होती, की कारखाना शहराच्या मधोमध आणि काकांचं घर शहर संपतं तिथे, डेपोच्या भिंतीला लागून. लेकीने वर्षभर तिथून येजा करून पाहिली. भिंगरी उठायच्या आत निघायची आणि भिंगरी झोपल्यावर परतायची. वर्षभरात तिने पोरीला जास्त करून झोपलेलीच पाहिली. शेवटी कंटाळून तिने कारखान्याजवळ बायकांच्या वसतिगृहात एक खाट घेतली आणि रविवार रविवार घरी येऊ लागली. भिंगरी काकांकडे राहिली. दोन वर्षं हे असंच चाललं, आणि एका रविवारी भिंगरी आईला दारात बघून म्हणाली, "आजोबा, पाहुणी आली."

लेक हसली. मग न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या संध्याकाळी तिने ठरवलं. "बाबा, मला शहरात घर हवंय. माझं नि भिंगरीचं. पगाराच्या निम्म्यात बसेल असं. शाळेची नावनोंदणी पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत आहे आणि पत्ता ज्या भागातला असेल, शाळा त्याच भागातली मिळते. शाळेत साडेसहापर्यंत मुलं ठेवतात. तीनदा उशीर झाला की ती सोय बंद करतात. मी साडेपाचला सुटते."

"म्हणजे एक तास," काका म्हणाले.

"एक तास. त्यात बसलं नाही, तर आणखी एक वर्ष ही तुमच्याकडे. आणि तेव्हा ती मला पाहुणीसुद्धा म्हणायची नाही."

काकांना शहरात त्यांच्याजवळ राहायला जाता येण्यासारखं नव्हतं. घरी त्यांची थोरली बहीण होती, अक्का. अक्कांची नजर जवळजवळ गेली होती, आणि चाळीस वर्षांच्या सवयीचं घर सोडलं तर त्यांना पाण्याचा माठसुद्धा सापडला नसता. तेव्हा काका आपल्या परीने करता येईल ते करायला बसले. त्यांनी जुन्या ड्युटीची एक कोरी वही काढली, पट्टीने रकाने आखले आणि शहरातले सगळे मार्ग तोंडपाठ लिहून काढले. मार्ग क्रमांक. शेवटचा स्टॉप. धावण्याचा वेळ. किती मिनिटांनी बस. स्टॉपपासून घरापर्यंत चालणं. घर शोधायला दलाल लागतो असं लोक म्हणतात, पण काकांच्या वहीपुढे तीन दलालांनी हात टेकले.

तीन रविवार बापलेक फिरली, भिंगरीला मध्ये धरून. कालव्याजवळचं घर स्वस्त होतं, पण भिंतीतून पाणी पाझरत होतं आणि घरमालक म्हणत होता, की तो भिंतीचा रंगच तसा आहे. बाजारामागचं घर चांगलं होतं, पण भाडं ऐकून लेकीने भिंगरीचा हात धरला आणि काढता पाय घेतला. तिसऱ्या रविवारी पाण्याच्या टाकीजवळचं घर सापडलं. दोन खोल्या, मागे वीतभर अंगण, अंगणात एक झाड. घरमालकीणबाई शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, बोलायला मऊ. भाडं पगाराच्या निम्म्याहून थोडं कमीच. भिंगरीने आत पाऊल टाकल्याबरोबर कोपऱ्यात आपली बाहुली बसवली आणि जाहीर केलं, "ही इथे राहणार."

"मार्ग सतरा," काकांनी वही उघडली. "चौतीस मिनिटं. दर बारा मिनिटांनी बस. स्टॉपपासून चार मिनिटं चालणं. साडेपाचला सुटलीस की सहा वाजून आठ मिनिटांनी तू दारात. शाळा वाटेवरच. बावीस मिनिटं शिल्लक!"

ती बावीस मिनिटं त्यांनी अशी सांगितली, जणू खिशातून काढून लेकीच्या हातावर ठेवली. सतरा नंबर त्यांचा स्वतःचा मार्ग होता. नऊ वर्षं त्यांनी तो चालवला होता. आपल्याच रस्त्याने आपली लेक रोज घरी येणार, या विचाराने त्यांना आतून फार बरं वाटत होतं.

लेक मात्र म्हणाली, "एकदा मी कामावरून सुटून खरोखरच येऊन बघते. मगच चावी घेऊ."

"मी मोजलंय ना!"

"डॉक्टरची चिठ्ठी बरोबरच असते, बाबा. तरी मी काच फ्रेममध्ये बसवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाही."

शुक्रवार ठरला. काका भिंगरीला घेऊन दुपारीच टाकीजवळ आले आणि घरमालकीणबाईंच्या खुर्चीत घड्याळ समोर ठेवून बसले. बाईंनी चहा दिला. सहा वाजून आठ मिनिटं झाली. भिंगरी खिडकीच्या गजांना धरून उभी होती. सव्वासहा झाले. "येईलच," काका म्हणाले. साडेसहा झाले. बाईंनी पुन्हा चहा विचारला, काका नको म्हणाले. पावणेसातला त्यांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

"आजोबा, आता शाळेतले मला बाहेर ठेवणार?" भिंगरीने विचारलं.

"आज शाळा नाही, बाळा. ही नुसती रंगीत तालीम आहे."

"पण असती तर?"

सात वाजून दोन मिनिटांनी लेक आली. खांद्यावरची पिशवी घसरलेली, चेहरा उतरलेला. काकांचा जीव आधी भांड्यात पडला आणि मग लगेच राग नाकावर आला.

"कुठे होतीस इतका वेळ?"

"स्टॉपवर."

"तासभर?"

"पन्नास मिनिटं. पहिली बस भरलेली, थांबलीच नाही. दुसरी भरलेली, ड्रायव्हरने नुसता हात हलवला. मग अर्धा तास एकही नाही. मग दोन एकदम, एकामागे एक. पुढच्या बसच्या दाराला माणसं लोंबत होती, आणि मागची रिकामी. तिच्यात मी चढले."

"सतरा नंबर दर बारा मिनिटांनी असते."

"असते. तुमच्या वहीत."

"आणि चौतीस मिनिटं..."

"बसमध्ये चौतीसच लागली, बाबा. अगदी बरोबर चौतीस." तिने पिशवी खाली ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना उत्तर देता आलं असतं. "तुम्ही आयुष्यात कधी स्टॉपवर उभं राहून बसची वाट पाहिली आहे का?"

काका आठवू लागले. नोकरीवर असताना पहाटे चारला ड्युटी लागायची, त्या वेळी बस कुठली असणार, भिंतीपलीकडे डेपो, चालत जायचे. संध्याकाळी गाडी लावली की पुन्हा भिंतीपलीकडे घर. निवृत्तीनंतर शहरात यायचं तर डेपोतच रिकाम्या गाडीत चढायचे, खिडकीजवळची जागा धरायचे, ड्रायव्हरशी गप्पा मारायचे. परत जाताना शहरातल्या मोठ्या स्थानकावरून, तिथेही गाडी सुटायच्या आधी आत बसलेले. एकतीस वर्षं आणि वर आणखी सहा वर्षं, काका जिथे जातील तिथे बस आधीच हजर असायची. त्यांच्या वहीत उभं राहण्याचा रकानाच नव्हता, कारण त्यांच्या आयुष्यातही तो कधी नव्हता.

लेकीने नववीतली ती गोष्ट काढली नाही. काढली असती तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. भिंगरीने कोपऱ्यातली बाहुली उचलून काखेत घेतली, कुणी न सांगताच. घरमालकीणबाई म्हणाल्या, "आठवडाभर मी हे घर कुणाला देत नाही. तुम्ही विचार करा." आणि तिघंही विचार न करताच बाहेर पडली, कारण विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या रात्री काकांना जेवण गेलं नाही. शनिवारी त्यांनी वही काढली आणि शेवटी एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'उभं राहणं'. शेजारणीला सांगितलं, आठवडाभर संध्याकाळी आठपर्यंत अक्कांजवळ आणि भिंगरीजवळ थांब. आणि सोमवारी सव्वापाच वाजता चष्म्याच्या कारखान्याजवळच्या स्टॉपवर जाऊन ते रांगेत उभे राहिले. मनातून त्यांना अजूनही खात्री होती, की शुक्रवारी लेकीचं नशीब वाईट होतं.

सोमवारी पहिली सतरा नंबर आली ती खच्चून भरलेली. चालवत होता बारक्या. हा बारक्या काकांच्या हाताखाली शिकला तेव्हा काडीसारखा होता, आता स्टिअरिंगमध्ये पोट अडकायचं, पण नाव तेच राहिलं होतं. त्याने काकांना ओळखलं, एक हात कपाळाला लावून झकास सलाम केला, आणि न थांबता निघून गेला. भरलेली गाडी थांबवायची नाही, हे त्याला काकांनीच शिकवलं होतं.

"बघा, बघा कसा पळवतो," काकांच्या मागची बाई म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. "ह्यांना वाटतं, आपण इथे हवा खायला उभे आहोत."

"वेळ पाळायची असते त्यांना," काका म्हणाले.

"कुणाची वेळ?" बाईने विचारलं.

त्या दिवशी सतरा नंबरमध्ये पाय ठेवण्याइतकी जागा मिळायला सत्तेचाळीस मिनिटं लागली. मंगळवारी कालव्याकडच्या मार्गासाठी उभे राहिले, तर तासभर लागला. रांगेत लोक एकमेकांना ओळखत होते. कुणी कुणासाठी जागा धरत होतं, कुणी चप्पल काढून एका पायावर दुसरा पाय चोळत होतं. रोज इथे तासभर जातो, तरी ही माणसं त्याबद्दल फारशी बोलतही नव्हती, आणि तेच काकांना फार लागलं. इतकी वर्षं ते समोरच्या काचेतून ह्याच रांगा बघत आले होते. त्यांना त्या नेहमी नुकत्याच उभ्या राहिलेल्या वाटायच्या.

बुधवारी तर गंमतच झाली, म्हणजे बघणाऱ्याला गंमत. उन्हाने जीव कासावीस झाला म्हणून काका चार पावलं सरकून एका दुकानाच्या सावलीत गेले, आणि तेवढ्यात त्यांच्याच घराकडे जाणारी बस आली. काका धावले. एका हातात वही, दुसरा हात वर. एकविसाव्या सेकंदाला बस हलली. आरशात ड्रायव्हरला काय दिसत असेल, हे त्यांना अगदी लख्ख ठाऊक होतं. तोंड उघडं टाकून धावणारा एक म्हातारा, मग त्याहून लहान म्हातारा, मग एक ठिपका. ते खांबाला धरून धापा टाकत राहिले आणि दोन वेण्या त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत रकाना भरला. ज्या भागात भाडं परवडत होतं, तो प्रत्येक भाग कुठल्या ना कुठल्या मार्गाच्या टोकाला होता, आणि टोकाला जाणाऱ्या प्रत्येक बससाठी चाळीस ते साठ मिनिटं उभं राहावं लागत होतं. काकांनी पट्टी लावून एकेक ओळ खोडली. पाण्याच्या टाकीची ओळ त्यांनी सगळ्यात शेवटी खोडली. वहीत एकही घर उरलं नाही, आणि महिना संपायला अकरा दिवस उरले होते.

तरी शुक्रवारी ते आले. का आले, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. स्टॉपच्या मागेच कपड्यांना इस्त्री करणाऱ्याचं दुकान होतं, ज्याच्या सावलीत ते बुधवारी गेले होते ते. इस्त्रीवाल्याने हातातली इस्त्री उभी करून ठेवली आणि हाक मारली.

"काका, एक विचारू? रागावू नका. पाच दिवस बघतोय. तुम्ही येता, उभे राहता, बस आली की चढत नाही, वहीत काहीतरी लिहिता. तुम्ही खात्याचे साहेब आहात, की घरी कुणाशी पटत नाही?"

इतक्या दिवसांत काकांना प्रथमच हसू आलं. त्यांनी सगळं सांगितलं. लेक, भिंगरी, साडेसहाची वेळ, वही. इस्त्रीवाल्याने एक शर्ट पुरा होईपर्यंत ऐकून घेतलं.

"खोली तर इथेच आहे की. माझ्या डोक्यावर."

काकांनी वर पाहिलं. दुकानाच्या माथ्यावर पडदा नसलेली एक खिडकी होती. तिच्या बरोबर खाली स्टॉपचं छप्पर.

"इथली भाडी आम्हाला झेपायची नाहीत."

"हे झेपेल. मालक निम्म्याने द्यायला तयार आहे. दोन वर्षांत तीन भाडेकरू पळाले." इस्त्रीवाल्याने आवाज खाली केला, जणू खोली ऐकेल. "खोटं कशाला बोलू? पहाटे पावणेपाचला पहिली बस. मग दिवसभर ब्रेकची किंकाळी, कंडक्टरची घंटी, इंजिनाची घरघर. खिडकीची तावदानं थरथरतात. गेल्या भाडेकरणीने तर कानात कापूस घालून महिना काढला आणि शेवटी हात जोडले. बसचा आवाज सहन होईल असं माणूस कुठून आणायचं?"

काकांनी वही मिटली. मग त्यांनी विचारलं, "किल्ली आहे?"

रविवारी लेकीला आणि भिंगरीला घेऊन ते तो सतरा पायऱ्यांचा अरुंद जिना चढले. वर एक खोली आणि तिला चिकटलेली अर्धी. अंगण नाही, झाड नाही, भिंतीला वाफेचा आणि गरम सुताचा वास. टाकीजवळच्या घरापुढे हे अगदीच खुराडं होतं. लेक खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली बस आली. ब्रेक करकचून लागले, तावदानं थरथरली, घंटी वाजली, इंजिन घुमलं आणि बस गेली. काकांनी श्वास रोखला होता.

लेक वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"वसतिगृहात पहिला महिनाभर मला झोपच नव्हती, बाबा," ती म्हणाली. "तिथे इतकी शांतता, इतकी शांतता, की जीव घाबरायचा. एकदा पहाटे चारला उठून बसले आणि विचार करत राहिले, आपल्याला काय ऐकू येत नाहीये म्हणून. तुम्ही लोक गाड्या गरम करायला चालू करायचात ना चारला, तो आवाज."

डेपोच्या भिंतीला लागून वाढलेलं पोर ते. तिला तो आवाज सहन होईल एवढंच काकांनी धरलं होतं, त्याच्यावाचून तिला करमत नसेल हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि भिंगरी? भिंगरीने तर बस गेल्याचं बघितलंसुद्धा नव्हतं. ती कोपऱ्यात बाहुली बसवत होती.

"खोली लहान आहे," काका म्हणाले, कारण कुणीतरी तसं म्हणायला हवं होतं.

"कारखाना इथून चार मिनिटं. शाळा सात. बस लागतच नाही."

"कुणाच्या पायाने सात?" काकांनी विचारलं. आता ते शिकले होते. तिघं खाली उतरली आणि भिंगरीला पुढे घालून शाळेच्या फाटकापर्यंत चालली. वाटेत एक मांजर भेटलं, एका गळक्या नळाखाली हात धुवायचे होते, एका भिंतीवरून चालायचं होतं आणि त्याच भिंतीवरून परतही यायचं होतं. काकांनी वहीत नवी ओळ काढली आणि लिहिलं, भिंगरीसह सव्वीस मिनिटं. मग उभं राहण्याच्या रकान्यात त्यांनी मोठं शून्य काढलं, आणि त्या शून्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. एकतीस वर्षं ज्याने माणसं बसने पोचवली, त्याने शेवटी लेकीसाठी बस न लागणारं घर शोधलं होतं.

पुढच्या रविवारी, शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, सामान आलं. होतंच किती? दोन ट्रंका, शिवणाचं यंत्र, भिंगरीची गादी. गादी इथे आली म्हणजे तिकडे तिची जागा रिकामी झाली, हे काकांना ती उचलताना कळलं. दोन वर्षं भिंगरी त्यांच्या शेजारी झोपायची, एक पाय त्यांच्या पोटावर टाकून. कितीदा तरी त्यांनी तक्रार केली होती.

संध्याकाळी ते निघाले. भिंगरी त्यांना पोचवायला खाली स्टॉपवर आली आणि बाकावर त्यांना चिकटून बसली.

"आजोबा, तू आता एकटाच झोपणार?"

"अक्काआजी आहे की."

"ती घोरते." भिंगरीने थोडा विचार केला. "तुझ्या पोटावर पाय कोण टाकणार?"

काकांनी तिला मांडीवर घेतलं आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. बस आज उशिरा यावी, असं त्यांना वाटलं. असलं काही त्यांच्या मनात आयुष्यात कधी आलं नव्हतं, त्यामुळे ते स्वतःच जरा दचकले.

बस अगदी वेळेवर आली. चालवत होता बारक्या, आज त्याला काकांच्या घराकडचा मार्ग लागला होता. दार उघडलं.

"चला काका! जागा आहे खिडकीची!"

काका उठले नाहीत. ते मनात सेकंद मोजत होते, सवयीने. अठरा, एकोणीस, वीस. एकवीस झाले, पंचवीस झाले, तरी बारक्या थांबला होता. काकांनी शिकवलेला नियम तो काकांसाठीच मोडत होता.

"तू जा," काका म्हणाले. "मी पुढच्या गाडीने येतो."

"तुम्ही? बस सोडताय?"

"अरे जा ना! पुढच्या स्टॉपवर लोक उभे असतील."

बारक्या जन्मात पहिल्यांदा पाहिल्यासारखा त्यांच्याकडे बघत गेला. वरची खिडकी उघडली.

"बाबा, बस चुकली का?"

"चुकली नाही. जाऊ दिली."

लेक सतरा पायऱ्या उतरून खाली आली आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसली. मग काका समोर बघतच म्हणाले, "नववीत असताना तू मला आरशात दिसली होतीस."

"माहीत आहे मला."

"थांबायला हवं होतं मी. काय झालं असतं? मी चुकलो, बाई."

लेकीने त्यांच्या हातातली वही काढून घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली. "चित्रकलेचा पेपर होता तो, बाबा. मला तशीही कुठे येत होती चित्रकला?" ती हसली आणि तिने पदराने डोळे पुसले. "पुढची बस किती वाजता?"

"दर पंधरा मिनिटांनी असते."

"असते. तुमच्या वहीत."

भिंगरी एव्हाना काकांच्या मांडीवर आडवी होऊन झोपली होती, एक पाय त्यांच्या पोटावर टाकून. पुढची बस चांगली चाळीस मिनिटांनी आली, आणि त्याबद्दल घड्याळकाकांनी कुणाला एका शब्दाने बोल लावला नाही.